सीटखालची डबी आणि नाकारलेली वॉरंटी

कराडच्या एका वाचकांचं पत्र आहे. थोडक्यात असं:

"माझी बाइक दीड वर्षाची, ३ लाख १५ हजारांची, वॉरंटी ३ वर्षांची. रोज कराड ते सातारा ये-जा. कमी स्पीडला गाडी झटके खायची, ट्रॅफिकमध्ये तापायची, म्हणून पुण्यातल्या एका गॅरेजमधून साडेनऊ हजारांची फ्युएल-इंजेक्शनची ट्युनिंग डबी बसवून घेतली. गाडी एकदम मऊ चालायला लागली. चार महिन्यांनी फ्युएल पंप गेला. सर्व्हिस सेंटरवाल्यांनी सीट उघडली, डबीचा फोटो काढला आणि 'बाहेरचं इलेक्ट्रॉनिक फिटिंग, वॉरंटी लागू नाही' असं सांगून पंपाचे ११ हजार मागितले. मित्र म्हणतो, डबी काढ, दुसऱ्या सर्व्हिस सेंटरला जा आणि काही बसवलंच नव्हतं म्हणून सांग. आता आरटीओ आणि इन्शुरन्सचीही भीती वाटते. सायलेन्सर मूळचाच आहे. गॅरेजवाल्याने फक्त एक वायर सोलून जोड दिला होता. काय करू?"

मित्राला चहा पाजा, पण त्याचं ऐकू नका. फोटो निघालेला आहे, जॉब कार्डवर शेरा पडलेला आहे आणि तुमच्या चेसिस नंबरवर ती नोंद कंपनीच्या सिस्टिममध्ये गेलेली असणार. दुसऱ्या सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरही तोच नंबर टाइप होणार. पुढे प्रकरण ग्राहक आयोगात गेलं तर तुम्हाला शपथपत्र द्यावं लागेल. त्यात 'डबी नव्हती' असं लिहिलंत तर ११ हजारांच्या पंपापायी खोट्या पुराव्याचा गुन्हा अंगावर घ्याल. शिवाय खरं बोलूनही तुमची बाजू बरीच भक्कम आहे, मग खोटं कशाला?

वॉरंटी हा करार आहे. 'वाहनात फेरफार केल्यास वॉरंटी रद्द' हे कलम तुमच्या पुस्तिकेत असणारच, बहुतेक सगळ्यांच्या असतं. यूट्यूबवर काही मंडळी छातीठोक सांगतात की बाहेरचा पार्ट लावला म्हणून वॉरंटी नाकारताच येत नाही. ते ज्या कायद्यावर बोलतात तो १९७५ चा मॅग्नसन-मॉस कायदा, आणि तो अमेरिकेचा. कराडमध्ये त्याचा उपयोग शून्य. आपल्याकडे भांडायचं ते ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली, आणि तिथे कळीचा मुद्दा एकच असतो: जो भाग बिघडला, तो या फेरफारामुळे बिघडला का? वॉरंटी रद्द करणाऱ्या कलमाचा आसरा घेणाऱ्याने ते कलम लागू कसं होतं हे दाखवायचं, अशीच माझी मांडणी राहील. हेडलाइटचा बल्ब बाहेरचा लावला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी गेली, हे कुठल्याही आयोगाला पटवणं जड जाईल.

आता तुमचा पंप घ्या. मी मेकॅनिक नाही, पण अशा भांडणात वकिलालाही गाडीखाली वाकावं लागतं. पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागतं. प्रदूषणाच्या मर्यादा पाळण्यासाठी कंपनीचा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा छोटा संगणक, सायलेन्सरच्या पाइपमधल्या ऑक्सिजन सेन्सरकडे बघत एरवी त्याच प्रमाणाच्या आसपास राहतो. तुमची डबी ईसीयू आणि इंजिनात पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरच्या मध्ये बसते आणि इंजेक्टर काही अंशी जास्त वेळ उघडा ठेवते. पेट्रोल थोडं जास्त जातं, म्हणून गाडी मऊ. पंप मात्र टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. ठरलेल्या दाबाने पेट्रोल पुढे ढकलणं एवढंच त्याचं काम. इंजेक्टर जरा जास्त उघडल्याने पंप जळतो असं म्हणणाऱ्याने ते तज्ज्ञाच्या अहवालाने सिद्ध करावं. उलट कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) किंवा ऑक्सिजन सेन्सर गेला असता, तर मी तुम्हाला गप्प पैसे भरा म्हणालो असतो. मिश्रणात पेट्रोल जास्त झालं की त्यांच्यावर ताण येतो, हे कंपनीचा माणूस सहज पटवून देईल.

पण तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं. 'एक वायर सोलून जोड दिला.' कोणती वायर? या डब्या बहुधा वायर न सोलता, कपलरला कपलर (वायरींच्या टोकाचे प्लग) लावून बसतात. सोलायची वेळ येते ती डबीला करंट कुठून तरी घ्यायचा असतो तेव्हा. गॅरेजवाल्याने तो टेल लॅम्पच्या लाइनवरून घेतला असेल तर आपण निवांत. तो जर फ्युएल पंपाच्या सप्लायवरून घेतला असेल, तर कंपनीच्या म्हणण्यात दम आहे. अर्धवट जोड, सैल पिळा, पावसात शिरलेलं पाणी, कमी-जास्त होणारं व्होल्टेज, आणि पंप गेला. तुमचा सगळा दावा त्या दोन इंचांच्या टेपखाली आहे. तेव्हा काहीही काढण्याआधी दुसऱ्या, नात्यात ना मैत्रीत असलेल्या मेकॅनिककडे गाडी न्या, वायरिंग उघडं करून जोडाचे जवळून फोटो काढा, आणि कुठल्या रंगाची वायर कुठून कुठे जाते हे त्याच्याकडून सहीनिशी लिहून घ्या.

तोवर रोजची ये-जा अडलेली असेल, तर सर्व्हिस सेंटरचे पैसे भरा, पण बिलावर स्वतःच्या हाताने 'हरकत नोंदवून रक्कम भरत आहे' असं लिहून सही करा आणि तिथेच त्याचा फोटो घ्या. जुना पंप त्यांच्याकडे सोडू नका, मागून घ्या. देत नसतील तर नकार ईमेलवर मागा. पंपच भंगारात गेला तर आयोग तपासायला पाठवणार काय? वॉरंटी नाकारल्याचं कारणही लेखी हवं. 'लागू नाही' एवढं पुरत नाही. डबीमुळे पंप कसा बिघडला ते लिहा म्हणावं. माझ्या अनुभवात या एका ईमेलनंतर काही सर्व्हिस मॅनेजर 'गुडविल'मध्ये निम्मी रक्कम सोडायला तयार होतात. तसं झालं तर घ्या आणि सुटा.

नाहीच झालं, तर डीलर आणि कंपनी दोघांना १५ दिवसांची नोटीस द्या आणि साताऱ्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार टाका. तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या गावी जायची गरज नाही. मोजलेली किंमत ५ लाखांच्या आत असल्याने फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. जोड जर पंपाच्या लाइनवरच निघाला, तर भांडण गॅरेजवाल्याशी. त्याने 'वॉरंटीला काही होत नाही' असं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं असेल तर तो मेसेज डिलीट होऊ देऊ नका. पक्कं बिल नसलं तरी यूपीआयची नोंद आहे. आणि डबीचा खोका शोधा. अशा खोक्यांवर बारीक अक्षरात 'फक्त रेस ट्रॅकसाठी' असं छापलेलं असतं. तसं असेल आणि गॅरेजवाल्याने ते सांगितलं नसेल, तर तो मुद्दा तुमचा. खोका तुम्हीच फोडला असेल, तर मात्र त्याचा.

आरटीओचं म्हणाल, तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आरसीवरच्या तपशिलांबद्दल बोलतं: हे तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल करायचा नाही. डबीने सीसी बदलत नाही, इंधन बदलत नाही, रंगही नाही. हा युक्तिवाद खरा आहे, पण त्यावर निर्धास्त झोपू नका. ९ जानेवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या जयचंद्र प्रकरणात निर्मात्याच्या मूळ तपशिलाला धरूनच निकाल दिला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने कलम १८२-अ आलं. त्यात बाहेरून पार्ट बसवणं धरून, परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला मालकाला ५ हजार रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पीयूसी पास असेल तर ते तुमच्या बाजूचं, पण अर्धंच उत्तर. ती नळी सायलेन्सरमध्ये घालतात तेव्हा गाडी उभी असते. डबीचं काम मूठ पिळल्यावर सुरू होतं. प्रदूषणाची पूर्ण चाचणी मॉडेल बाजारात येण्याआधी होते, आमच्या पुण्यात ज्या टेकडीला सगळे एआरएआय टेकडी म्हणतात तिथल्या संस्थेसारख्या ठिकाणी, आणि ती तुमच्या डबीशिवाय झालेली आहे. व्यवहारात नाक्यावरचा हवालदार सायलेन्सरचा आवाज ऐकून शिट्टी मारतो, सीट उचलून बघत नाही. सायलेन्सर मूळचा ठेवलात ते बरं केलंत. पण अपघात झाला आणि गाडी तपासणीला गेली, की सीट उचलली जाते.

त्यामुळे इन्शुरन्सची तुमची भीती निम्मी खरी आहे. तुमच्या गाडीने दुसऱ्याला इजा झाली, तर थर्ड पार्टीचे पैसे टाळण्यासाठी विमा कंपनीला जी कारणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये दिली आहेत, त्यांत असा फेरफार नाही. आयोजित शर्यत किंवा वेगाची चाचणी मात्र आहे, तेव्हा कधी ट्रॅक डेचा, म्हणजे रेस ट्रॅकवर गाडी पळवायचा, बेत केलात तर हे आठवा. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडू शकतो. तिथेही 'एक अट मोडली, सगळा क्लेम बाद' हे दर वेळी चालत नाही. २०१० च्या अमलेंदु साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अट मोडलेली असूनही क्लेमचा काही भाग द्यायला लावला. अर्थात तो निकाल हातात असूनही तुम्ही दोन-तीन वर्षं खेटे घालणार.

माझं मत विचाराल तर फोटो आणि मेकॅनिकचं लेखी झाल्यावर डबी उतरवा आणि गाडी मूळ सेटिंगवर चालवा. डबी फेकू नका, विकूही नका; बिल, खोका, पंप यांच्यासोबत एका पिशवीत ठेवा. वॉरंटीची अजून दीड वर्षं शिल्लक आहेत आणि पुढचा बिघाड कशात निघेल सांगता येत नाही. गाडी पुन्हा झटके खायला लागली तर तीच तक्रार आता जॉब कार्डवर लिहून घ्या. मुळात हे तेव्हाच करायला हवं होतं: कमी स्पीडला झटके ही वॉरंटीत मांडण्याजोगी तक्रार होती आणि तुम्ही ती साडेनऊ हजार देऊन स्वतःच मिटवलीत.

टेपखालची वायर कोणती निघाली, ते फोटोसह कळवा. नोटिशीचा मसुदा त्यानंतर करू. ती डीलरला पाठवायची की गॅरेजवाल्याला, हे आज मला सांगता येणार नाही.