पट्टी मुलांची धर

प्रिय मित्रा,

क्षेत्र प्रकल्पासाठी तू शाळेत गाणं शिकवायला जातोस आणि तिथली मुलं गातच नाहीत, असं तू लिहिलंस. तुझा व्हिडिओ दोनदा पाहिला. तानपुऱ्याचं ॲप काळी एकवर, म्हणजे तुझ्या गळ्याच्या पट्टीत (पट्टी म्हणजे गाण्याचा सा धरायचा सूर), तुझा खर्जातला भारदस्त गळा आणि समोर जिल्हा परिषद शाळेतली चौथी. गाणार कशी ती? तुझ्याबरोबर खाली उतरता येत नाही आणि सप्तक वर घेतलं की तार षड्जाला, म्हणजे वरच्या सा-ला, गळा ताणतो. म्हणून गप्प बसतात. पट्टी मुलांची धर, आपली नव्हे.

दुसऱ्या ओळीतला निळ्या स्वेटरातला मुलगा बघ. तू भूप रागाची सरगम घोकून घेतोयस आणि तो सतरंजीवर बोटांनी ठेका धरतोय. भजनी ठेका आहे तो, स्वच्छ! घरी कुणीतरी पखवाज वाजवत असणार. तू त्याच्याकडे पाहिलंही नाहीस. हीच पोरं एकादशीला देवळात मोठ्यांच्या बरोबरीने काळी चारमध्ये, तुझ्याहून वरच्या पट्टीत, खणखणीत हरिपाठ म्हणतात. त्यांना संगीत येत नाही, हे ठरवलं कुणी?

गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाणं सामान्यांपर्यंत नेलं, असं आपण परीक्षेत लिहितो. मग शेजारच्या गावातले भजनीबुवा विद्यापीठात शिकवायला का येत नाहीत? मी एकांसाठी खटपट केली होती. पदवी नाही म्हणून मानधनाचा कागद अडला. पुढे बुवाच गेले. ती खंत जात नाही, म्हणून तुझ्यावर चिडतोय.

माझ्यावर आरोप असायचा की बाकीचे वर्षाला डझनभर शाळा करतात, मी एकीलाच चिकटून बसतो. बसलो. त्या डझनभरांत फोटो निघाले. कुठल्या मुलाचा सा कुठे लागतो, हे कुणाला कळलं नाही. एका भेटीत पट्टी सापडत नाही रे. तिसऱ्या-चौथ्या खेपेला मुलं मोकळी होतात, तेव्हा कुठे खरा आवाज ऐकू येतो.

तू चांगला गातोस, ते सांगायला हे पत्र नाही. गुरुवारी ॲप बंद ठेव. पेटी घेऊन जा. आधी त्यांना हरिपाठ म्हणू दे, त्यांचा सा पेटीवर शोध, निळ्या स्वेटरवाल्याच्या हातात ढोलकी दे आणि तिथूनच, त्यांच्याच पट्टीत, भूपाकडे वळ. क्षेत्र प्रकल्पाच्या अहवालात शाळांची संख्या विचारतील. तिथे बिनधास्त 'एक' लिही. कुणी बोललं तर माझ्याकडे पाठव.

तुझा,
सर