प्रवेशिका भर, निकालाचं नंतर बघू

नकाराच्या भीतीने प्रदर्शनाला चित्र पाठवायचं टाळू नकोस. बॉम्बे आर्ट सोसायटी ही मुंबईतली कलासंस्था १८८८ सालची. तिच्या वार्षिक प्रदर्शनाला कुठून कुठून कामं येतात, भिंती मात्र तेवढ्याच. तेव्हा नकार आला म्हणजे चित्र वाईट, असं धरून बसू नकोस. परीक्षक बदलले की निकालही बदलतो. तेच चित्र दुसरीकडे पाठव.

प्रवेशिकेसाठी चित्राचा जो फोटो काढशील, त्याकडे मात्र लक्ष दे. काच काढून, सावलीतल्या उजेडात, सरळ समोरून घे. काचेत तुझाच मोबाइल दिसला की चांगलं जलरंगातलं कामही मार खातं.

भीती फारच वाटत असेल तर मुंबईतल्या जहांगीर आर्ट गॅलरीबाहेर फुटपाथवर बसणाऱ्या चित्रकारांशी गप्पा मार. माणसं ढुंकूनही न बघता पुढे जातात आणि हे आपले निवांत स्केच करत असतात! आणि हो, फ्रेममागे नाव, माध्यम, माप लिही. निम्मे नवखे विसरतात.