हल्ला चालू असताना सरकारने बोलावे की गप्प बसावे?

दहशतवादी हल्ला चालू असताना सरकारने सोशल मीडियावरून माहिती देत राहावी, की कारवाई संपेपर्यंत मौन पाळावे, असे आपण विचारले आहे. मौनाच्या सल्ल्याची मला चीड आहे आणि तिचे कारण २६ जुलै २००८ ची संध्याकाळ आहे.

त्या शनिवारी अहमदाबादेत ओळीने स्फोट झाले तेव्हा माझा धाकटा भाऊ नोकरीनिमित्त मणिनगरात राहत होता आणि आम्ही इकडे बडोद्यात, दांडिया बाजारातल्या जुन्या घरी होतो. मोबाइल लागत नव्हते. आई लँडलाइनच्या शेजारी पाट टाकून बसली होती आणि मी कालनिर्णयच्या जुलैच्या पानामागे मिळतील ते नंबर उतरवत होते. टीव्हीच्या पट्टीवर स्फोटांचा आकडा वाढत होता, तेवढ्यात शेजारचे काका बडोदे स्टेशनवरही पिशवी सापडल्याचे सांगून गेले. तसे काही सापडले नव्हते. एका सरकारी कचेरीचा मदतीचा नंबर तासाभराने लागला, तेव्हा पलीकडच्या गृहस्थांनी मलाच विचारले, "टीव्हीवर काय दाखवत आहेत?"

भावाचा फोन रात्री साडेअकराला आला. तो मित्रांबरोबर रक्त द्यायला एल. जी. रुग्णालयाकडे निघाला होता. वाटेत स्कूटरचे पेट्रोल संपल्यामुळे त्याला उशीर झाला आणि तेवढ्यानेच तो वाचला, कारण बाजारांतले जखमी आणले जात असताना सिव्हिल आणि एल. जी. या दोन्ही रुग्णालयांत स्फोट घडवले गेले. त्या दिवशी एकंदर ५६ माणसे गेली. पुढचा घाव रुग्णालयांवर पडेल हे आधी कोणाला ठाऊक असणार? पण 'रुग्णालयाकडे गर्दी करू नका, रक्त लागल्यास कळवू' ही ओळ पहिल्या तासात एसएमएसने धाडता आली असती.

आमचे भाऊजी महसूल खात्यातून निवृत्त झाले आहेत. 'सरकार बोलले की घबराट पसरते' हे त्यांचे पालुपद मी दर दिवाळीला ऐकते. त्यांनी बोस्टन पाहावे. एप्रिल २०१३ मध्ये मॅरेथॉनमधील स्फोटांनंतर दोन दिवसांनी मोठमोठ्या वृत्तसंस्थांनी संशयिताला अटक झाल्याचे सांगून टाकले आणि अटक झालेली नाही हे पोलिसांनी ट्विटरवरून स्वतः स्पष्ट केले. उलट त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नैरोबीच्या वेस्टगेट मॉलवर हल्ला झाला, तेव्हा केनियाच्या सरकारी खात्यांवरून परिस्थिती आटोक्यात आल्याचे सांगितले जात राहिले आणि वेढा मात्र चार दिवस चालला. म्हणून जेवढे ठाऊक आहे तेवढेच सांगावे, जे ठाऊक नाही ते तसे कबूल करावे आणि पुढची माहिती किती वाजता देणार ते लिहावे.

अर्थात कमांडो कुठून शिरत आहेत, हे कोणीही सांगता कामा नये. २६/११ ला थेट प्रक्षेपण पाहून सीमेपलीकडचे सूत्रधार फोनवर सूचना देत होते; सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात वाहिन्यांना त्यावरून खडसावले आणि २०१५ पासून अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणाला नियमानेच बंदी आहे. भाऊजी याच मुद्द्याला धरून बसतात, आणि इतपत ते बरोबर आहेत. पण ब्रुसेल्सच्या पोलिसांनी नोव्हेंबर २०१५ मध्ये कारवाईबद्दल काही लिहू नका, अशी उघड विनंती केली, तेव्हा लोकांनी त्याऐवजी मांजरांची छायाचित्रे टाकली. ती विनंती करायलाही बोलावेच लागले होते.

भाषेचे पाहायचे तर म्यूनिकच्या पोलिसांनी २०१६ च्या गोळीबाराच्या रात्री जर्मनसह चार भाषांत सूचना दिल्या होत्या. आपल्याकडे निदान गुजराती आणि हिंदी तरी हवीच. शिवाय प्रत्येक सूचनेच्या मजकुरातच तारीख आणि वेळ असावी, कारण स्क्रीनशॉट फिरू लागला की ती गळून पडते. भाऊजींनी गेल्या वर्षी घरच्या ग्रुपवर पाठवलेली पोलिसांची सूचना अगदी खरी होती. फक्त ती दोन दिवसांपूर्वीची होती.