विशेष शिक्षक व्हायचंय? आधी हे वाचा

शाळा सुरू झाल्या की माझ्याकडे येणाऱ्या पत्रांत एकच गोंधळ निरनिराळ्या शब्दांत असतो. सामान्य शाळेतल्या शिक्षकाला विशेष शिक्षणात यायचं असेल तर कोणता अभ्यासक्रम करायचा, किती काळाचा, आणि मान्यता कुणाची? व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी उत्तरं बहुतेक वेळा चुकीची असतात. म्हणून नाशिक जिल्ह्यातून आलेले काही प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : मी डी.एड., बी.एड. असून जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. सहा महिन्यांचा ब्रिज कोर्स केला की विशेष शिक्षक होता येतं, असं केंद्रातल्या बैठकीत ऐकलं. खरं आहे का? (एक शिक्षक, सिन्नर)

नाही. तुम्ही ऐकलंय ते उलट दिशेचं आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २३ ऑगस्ट २०१० च्या अधिसूचनेतला सहा महिन्यांचा कार्यक्रम विशेष शिक्षणात डी.एड. किंवा बी.एड. करून सामान्य प्राथमिक वर्गावर नेमणूक झालेल्यांसाठी आहे. सामान्य बी.एड.वाल्याला विशेष शिक्षक करण्यासाठी तो नाही. तुम्हाला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, मान्यता असलेलं विशेष शिक्षणातलं डी.एड. किंवा बी.एड. करावं लागेल आणि त्यानंतर परिषदेच्या केंद्रीय नोंदवहीत नाव नोंदवावं लागेल. तिथून जो सीआरआर क्रमांक मिळतो, तो हातात येईपर्यंत कायद्याच्या दृष्टीने तुम्ही विशेष शिक्षक नाही. सर्व शिक्षा अभियानाच्या काळात काहींनी ९० दिवसांचं पायाभूत प्रशिक्षण घेतलं होतं. ते वर्गात उपयोगी पडतं, पण त्याने ही पात्रता येत नाही.

प्रश्न : आमच्या बी.एड.ला समावेशक शिक्षणाचा पेपर होता. तेवढा चालेल ना? (देवळाली कॅम्प)

नाही चालणार.

प्रश्न : तीन महिन्यांचा ऑनलाइन 'स्पेशल एज्युकेटर' कोर्स, फी १५ हजार, जाहिरातीत 'आरसीआय मान्य' लिहिलंय. शनिवार-रविवारी दोन तास. शाळा सांभाळून जमण्यासारखा आहे. करू का? (एक शिक्षिका, नाशिक रोड)

पैसे भरू नका. भरले असतील तर आजच लेखी परत मागा.

यावर सविस्तर लिहितो, कारण या जाहिरातींनी मी खरोखर अस्वस्थ आहे. आधी युक्ती समजून घ्या. ज्यांची आरसीआयकडे नोंदणी आहे त्यांना ती पुढे चालू ठेवण्यासाठी सीआरई, म्हणजे सातत्यपूर्ण पुनर्वास शिक्षणाचे कार्यक्रम करावे लागतात. अशा एक-दोन दिवसांच्या कार्यक्रमांना परिषद मान्यता देते. तो मान्यतेचा कागद दाखवून काही जण पूर्ण कोर्सच 'मान्य' असल्याचं भासवतात. ज्याची नोंदणीच नाही त्याला त्या प्रमाणपत्राने नोंदणी मिळत नाही. दुसरी युक्ती म्हणजे कंपनीचं किंवा ट्रस्टचं नोंदणीपत्र पुढे करणं. संस्था नोंदणीकृत असणं वेगळं आणि अभ्यासक्रम मान्य असणं वेगळं. तिसरी युक्ती 'आंतरराष्ट्रीय डिप्लोमा'ची. भारतात विशेष शिक्षक म्हणून काम करताना त्याला विचारणारं कुणी नाही.

पडताळणी सोपी आहे. परिषदेच्या संकेतस्थळावर मान्यताप्राप्त संस्थांची यादी असते. तिच्यात संस्थेचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि तुम्ही प्रवेश घेणार ते शैक्षणिक सत्र, या तिन्ही गोष्टी एका ओळीत सापडल्या पाहिजेत. मान्यता ठराविक अभ्यासक्रमाला आणि ठराविक अपंगत्वप्रकारासाठी असते. कर्णबधिरांच्या अभ्यासक्रमाची मान्यता असलेली संस्था स्वमग्नतेचा वर्ग काढून ती मान्यता त्याला लावू शकत नाही. जानेवारी २०२४ मध्ये परिषदेने दोन वर्षांच्या बी.एड.च्या जागी चार वर्षांचा एकात्मिक अभ्यासक्रम आणण्याचं परिपत्रक काढलं, तेव्हापासून तर जुन्या माहितीवर विसंबणं फारच धोक्याचं झालं आहे. मैत्रिणीला तिच्या वेळी प्रवेश मिळाला, हा पुरावा नव्हे. यंदाची यादी पाहा आणि परिषदेला ईमेल करून लेखी उत्तर घ्या.

पैसे बुडाले तर ते कमावता येतात. माझी खरी काळजी मुलांची आहे. असा कोर्स केलेल्या एका मदतनीस ताई तिसरीतल्या मुलाशेजारी वर्षभर बसल्या. मी त्याची वही पाहिली. पानामागून पान फळ्यावरून उतरवलेलं, अक्षर सुवाच्य, प्रत्येक पानावर लाल बरोबरची खूण. त्याच वहीतली त्याने स्वतः लिहिलेली एक ओळ मी त्याला वाचायला सांगितली, तर पहिल्या शब्दापाशीच तो थांबला. अक्षराचा आकार तो चित्रासारखा काढत होता. ताई प्रेमळ होत्या, मेहनती होत्या. पण नक्कल आणि वाचन यांतला फरक तपासायचा कसा, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्या मुलाचं एक वर्ष गेलं, आणि वाचन शिकण्याच्या वयातलं वर्ष भरून काढायला फार कष्ट पडतात.

मान्य अभ्यासक्रमात हेच घासून घेतात. आयईपी, म्हणजे एका मुलासाठीचा वैयक्तिक शिक्षण आराखडा, लिहिताना 'मूल अक्षरं ओळखेल' असं लिहिलं की मार्गदर्शक कागद परत देतात. 'क, म, ल ही तीन कार्डं टेबलावर ठेवली असता, सांगितलेलं कार्ड पाचपैकी चार वेळा मदतीशिवाय उचलेल' असं लिहावं लागतं. मग ते त्या मुलासोबत, कुणाच्या तरी नजरेखाली, करून दाखवावं लागतं. चुकलं तर उद्दिष्टाचे आणखी लहान तुकडे करावे लागतात. हे झूमवर दोन तासांत येत नाही. ते शिकवण्याचा दावा करणाऱ्याला विचारा : सराव कुठल्या शाळेत, किती तास, कुणाच्या देखरेखीखाली? उत्तर गुळमुळीत आलं की फोन ठेवा.

प्रश्न : मग दूरस्थ पद्धतीचं बी.एड.ही फसवंच समजायचं का? नोकरी सोडणं शक्य नाही. (निफाड)

नाही. आरसीआयच्या मान्यतेने विद्यापीठांमार्फत चालणारं दूरस्थ बी.एड. विशेष शिक्षण ही रीतसर वाट आहे, आणि नोकरदार शिक्षकाला बहुधा तीच झेपते. ते अडीच वर्षांचं असतं. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आपल्याच गंगापूर धरणाच्या रस्त्यावर आहे. तिथे जाऊन यंदाची माहितीपुस्तिका आणि मान्यतेचं पत्र दोन्ही पाहा. मात्र 'दूरस्थ' म्हणजे घरी बसून, असा समज करून घेऊ नका. संपर्कसत्रं आणि विशेष शाळेतला सराव सक्तीचा असतो. त्यासाठी रजा लागेल. प्रवेशाआधीच मुख्याध्यापक आणि गटशिक्षणाधिकारी यांची लेखी परवानगी घ्या. तोंडी 'करा, करा' पुढच्या साहेबांच्या काळात टिकत नाही. सेवाज्येष्ठता, वेतनश्रेणी, संवर्गबदल यांबद्दलही शिक्षणाधिकारी कार्यालयाकडूनच लेखी घ्या, शिक्षकांच्या ग्रुपवर विचारू नका.

प्रश्न : गंगापूर रोडवरच्या खासगी शाळेत आहे. संचालक म्हणतात, कोर्सला प्रवेश घेतलाय ना, मग आतापासून स्पेशल एज्युकेटर म्हणून पालकांना भेटा, अहवालांवर सही करा. काय करू?

सही करू नका. भारतीय पुनर्वास परिषद अधिनियम १९९२ च्या कलम १३ नुसार नोंदणीशिवाय पुनर्वास व्यावसायिक म्हणून काम करणं किंवा प्रमाणपत्रं देणं हा गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. विशेष शिक्षक त्या व्याख्येत येतात. नोंदणी असलेल्या व्यक्तीच्या हाताखाली साहाय्यक म्हणून शिका, आणि तुमचं पदनाम तसंच लिहून घ्या. संचालक ऐकत नसतील तर वकिलाचा सल्ला घ्या. कागदावर सही तुमची असेल, त्यांची नसेल.

प्रश्न : कोणता अपंगत्वप्रकार निवडला तर नोकरी लवकर लागेल? (मालेगाव)

असं निवडू नका. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. वर्गात मूल कोणत्या प्रकारचं येईल हे तुमच्या हातात नसतं. पण प्रशिक्षण एका प्रकारात खोल घ्यावं लागतं, आणि ब्रेल, सांकेतिक भाषा, बौद्धिक अक्षमता ही तीन वेगळी जगं आहेत. प्रवेशअर्ज भरण्याआधी परवानगी घेऊन विशेष शाळांत काही दिवस बसा. नाशिकमध्ये त्यासाठी लांब जावं लागत नाही. रजनीताई लिमये यांनी १९७७ मध्ये बौद्धिक अक्षम मुलांसाठी सुरू केलेलं प्रबोधिनीचं काम इथलंच, आणि दृष्टिबाधितांसाठी काम करणारी 'नॅब'ही इथे आहे. तिथल्या शिक्षिकांशी बोला, मग ठरवा.

प्रश्न : विशेष शिक्षकांच्या भरतीची जाहिरात निघाली की कोर्स करावा म्हणतो. आधी करून उपयोग काय? (येवला)

जाहिरातीच्या दिवशी तुमच्याकडे सीआरआर क्रमांक लागतो, प्रवेशाची पावती नाही. अडीच वर्षांचा कोर्स जाहिरात आल्यावर सुरू करून कुठे पोचणार? सर्वोच्च न्यायालयाने रजनीशकुमार पांडे प्रकरणात २८ ऑक्टोबर २०२१ रोजी विशेष शिक्षकांचं प्रमाण ठरवायला केंद्र सरकारला सांगितलं, आणि सरकारने २०२२ मध्ये प्राथमिकला दहा दिव्यांग विद्यार्थ्यांमागे एक आणि त्यापुढच्या वर्गांना पंधरांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण लावलं. न्यायालयाने ७ मार्च २०२५ रोजी पदं मंजूर करून भरती करण्याचे आदेश राज्यांना पुन्हा दिले. आपल्या राज्याने २०२४ मध्ये केंद्रस्तरासाठी, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहासाठी, ४,८६० पदांना मान्यता दिली. त्यात कंत्राटी शिक्षकांचं समायोजन आहे, त्यामुळे सगळ्या जागा नव्यांसाठी आहेत असं धरून चालू नका. नोकरीची हमी कुणीच देऊ शकत नाही, आणि हमी देणाऱ्या क्लासपासून दूर राहा.

प्रश्न : सीआरआर क्रमांक एकदा मिळाला की कायमचा? (सातपूर)

नाही, मुदतीत नूतनीकरण करावं लागतं.

प्रश्न : माझ्या चौथीतला एक मुलगा तोंडी सगळं सांगतो, पण वाचता येत नाही. घरचे 'आळशी आहे' म्हणतात. मला डिस्लेक्सिया वाटतो. आधी मी कोर्स करू की त्यांना सांगू? (एक शिक्षिका, इगतपुरी)

ताई, कोर्स होईस्तोवर हा मुलगा सातवीत जाईल. त्याच्यासाठी थांबू नका. पण 'डिस्लेक्सिया' हा शब्द पालकांसमोर काढू नका. निदान करणं हे आपलं काम नाही, विशेष शिक्षकाचंही एकट्याचं नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्यायला सांगा. कितीतरी मुलांचा प्रश्न तिथेच सापडतो. एनसीईआरटीचं 'प्रशस्त' अ‍ॅप सामान्य शिक्षकाने भरायच्या प्राथमिक चाळणीसाठीच आहे, ते मुख्याध्यापकांशी बोलून भरा. तालुक्याच्या गटसाधन केंद्रात समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक असतात, त्यांना शाळेत बोलवा. पुढची तपासणी जिल्हा रुग्णालयात त्यांच्यामार्फत करा.

तोवर पालकांना निष्कर्ष सांगू नका, नोंदी दाखवा. त्याला कोणता शब्द वाचता आला, कोणत्या जोडाक्षराला अडला, तोच परिच्छेद वाचून दाखवल्यावर किती प्रश्नांची बरोबर उत्तरं दिली, हे तारीख घालून वहीत लिहा. पंधरा दिवसांच्या अशा नोंदी घेऊन आई-वडील दोघांनाही बोलवा, आणि तीच वही तपासणीला जाताना त्यांच्याबरोबर द्या.