असॉल्ट रायफलवर बंदी: अमेरिकेने घातली होती, पुढे काय झालं?

प्रश्न असा आलाय की मुलगी ऑगस्टमध्ये टेक्सासला एमएसला चाललीय, शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्यांनी घरात सगळ्यांची झोप उडालीय, आणि हे लोक असॉल्ट रायफलवर साधी बंदी का घालत नाहीत? त्यावर दोघांनी "सगळा बंदूक लॉबीचा पैसा" असं एका ओळीत उत्तर देऊन टाकलंय. मी काही वर्षं डॅलसजवळ काढली, आता न्यू जर्सीत आहे. बंदुकीच्या बाबतीत ही दोन राज्यं म्हणजे दोन वेगळे देश आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बंदी घातली होती हो. १३ सप्टेंबर १९९४ ते १३ सप्टेंबर २००४, चांगली १० वर्षं, अख्ख्या देशात. मुदत संपली आणि काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, ती वाढवली नाही. पण ती बंदी नेमकी कशावर होती ते एकदा बघाच. काही मॉडेलं नावानिशी बंद केली होती आणि बाकीच्यांसाठी लक्षणांची यादी दिली होती. मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढता-घालता येणारी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे चाप एकदा ओढला की एक गोळी आणि पुढची आपोआप तयार, अशी रायफल असेल आणि शिवाय दुमडणारा दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावायची खाच, नळीच्या टोकाला ज्वाला लपवणारा तुकडा, ग्रेनेड लाँचर यांपैकी कोणत्याही दोन गोष्टी असतील, तर ती असॉल्ट वेपन. आता सांगा, शाळेत शिरलेला कोणता माथेफिरू संगीन लावून आला होता? कंपन्यांनी काय केलं असेल ते ओळखायला फार डोकं लागत नाही. कोल्ट या बंदूक कंपनीने खाच काढली, ज्वाला लपवणारा तुकडा काढला, बंदुकीला नवं नाव दिलं आणि जवळपास तीच एआर-१५, म्हणजे लष्करी बंदुकीसारखी दिसणारी सेमी-ऑटोमॅटिक रायफल, कायदेशीरपणे पुन्हा दुकानात ठेवली.

याहून गंमत म्हणजे (गंमत म्हणवत नाही खरं तर) रुगर मिनी-१४ ही रायफल. लाकडी दस्ता, दिसायला एखाद्या शेतकऱ्याच्या घरात भिंतीवर टांगलेली वाटावी अशी. आत मात्र एआर-१५ चीच .२२३ ची गोळी, तशीच सेमी-ऑटोमॅटिक. १९९४ च्या कायद्याला 'या बंदुका चालतील' अशी शेकडो नावांची पुरवणी जोडली होती, तिच्यात न दुमडणाऱ्या दस्त्याची मिनी-१४ होती. १९८९ मध्ये माँट्रियलच्या इंजिनिअरिंग कॉलेजात १४ बायका मारल्या गेल्या, तेव्हा मारेकऱ्याच्या हातात मिनी-१४ होती. २०११ मध्ये नॉर्वेच्या उटोया बेटावर ६९ जण मारले गेले, तेव्हा मारेकऱ्याकडे एक पिस्तूल आणि हीच रायफल होती. कॅनडाने २०२० मध्ये बंदी घातली तेव्हा मिनी-१४ यादीत आवर्जून घेतली.

त्या कायद्यात कामाचं कलम एकच होतं. १० पेक्षा जास्त गोळ्यांच्या मॅगझिनवर बंदी. पण तिथेही आधी बनवलेली मॅगझिनं वापरायला आणि विकायला मोकळीक होती, आणि बंदी येणार हे कळल्यावर कारखान्यांनी काय हात बांधून ठेवले असतील का?

नियंत्रण करणं अमेरिकेला जमतच नाही असं मात्र नाही. मशीनगनचं उदाहरण घ्या. १९३४ पासून नोंदणी आणि २०० डॉलर कर, जो त्या काळात डोळे पांढरे करणारा होता. १९८६ मध्ये सामान्य माणसासाठी नवीन मशीनगन बंदच करून टाकल्या. आज नोंदणी असलेल्या मशीनगनने खून झाल्याच्या घटना बोटांवर मोजण्याइतक्या. कारण तिथे कायदा बंदूक दिसते कशी हे विचारत नाही. चाप एकदा ओढल्यावर किती गोळ्या सुटतात, एवढंच विचारतो. तरी पळवाट निघालीच. २०१७ मध्ये लास वेगासच्या मारेकऱ्याने रायफलींना 'बंप स्टॉक' (सेमी-ऑटोमॅटिक रायफल जवळपास मशीनगनसारखी चालवणारा दस्ता) लावून हॉटेलच्या खिडकीतून ६० जणांचे जीव घेतले. सरकारने बंप स्टॉकवर बंदी आणली, तीही ट्रंप यांच्या सरकारने. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६-३ ने ती उडवली, कारण कायद्यातल्या मशीनगनच्या व्याख्येत बंप स्टॉक बसत नाही.

आता नवा देशव्यापी कायदा का होत नाही? पैसा आहेच, नाकारत नाही. पण माझ्या मते पैशापेक्षा दोन गोष्टी मोठ्या आहेत. पहिली सेनेट, म्हणजे संसदेचं वरचं सभागृह. सुमारे ४ कोटींच्या कॅलिफोर्नियाला दोन सेनेटर आणि ६ लाखही वस्ती नसलेल्या वायोमिंगलाही दोनच. त्यात १०० पैकी ६० मतं असल्याशिवाय विधेयक बहुधा पुढेच सरकत नाही. २०१२ मध्ये सँडी हूकच्या शाळेत २० पोरं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, त्यानंतर काही महिन्यांत असॉल्ट वेपन बंदीला सेनेटमध्ये ४० मतं पडली. ४०! जुलै २०२२ मध्ये खालच्या सभागृहात २१७-२१३ ने बंदी मंजूर झाली, ती सेनेटच्या दारातच बसली.

दुसरी गोष्ट कोर्ट. २००८ च्या हेलर निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बंदूक बाळगणं हा व्यक्तीचा हक्क आहे, आणि सर्वसाधारण वापरात असलेल्या हत्यारांना संरक्षण आहे. २०२२ च्या ब्रुएन निकालाने त्यावर कडी केली. बंदुकीचा कुठलाही कायदा देशाच्या ऐतिहासिक परंपरेत बसला पाहिजे म्हणे. आता चक्र बघा. मोठं हत्याकांड झालं की बंदीची चर्चा होते. बंदीची चर्चा झाली की लोक घाबरून एआर-१५ घ्यायला धावतात. आज बंदूक उद्योगाच्याच अंदाजाने अशा रायफली २ कोटींच्या वर आहेत. मग वकील कोर्टात उभे राहून म्हणतात, एवढ्या घरांत आहे ती सर्वसाधारण वापरातली नाही तर काय! बंदीची नुसती मागणीच बंदीचा पाया उकरते. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, मेरीलँड, इलिनॉय अशा राज्यांत आपापल्या बंद्या आहेत. मेरीलँडचं प्रकरण जून २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने ऐकायचं नाकारलं, पण न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी त्याच वेळी लिहून ठेवलं की एक-दोन वर्षांत हा प्रश्न घ्यावा लागेल. म्हणजे टांगती तलवार आहेच.

ऑस्ट्रेलियाचा दाखलाही नीट बघा. १९९६ मध्ये पोर्ट आर्थरला ३५ जण मारले गेल्यावर त्यांनी साडेसहा लाखांच्या आसपास बंदुका पैसे देऊन परत घेतल्या. त्यांच्या घटनेत बंदुकीचा हक्क नाही. आणि अमेरिकेत नागरिकांकडच्या बंदुका आहेत अंदाजे ३९ कोटी, म्हणजे माणसांपेक्षा जास्त.

पण मुळात मला ही रायफलवरची भांडणंच थोडी भरकटलेली वाटतात. २०२१ मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं मेली. त्यातल्या २६ हजारांहून अधिक आत्महत्या. जे खून होतात त्यांत, कोणती बंदूक होती याची नोंद बघितली, तर सगळ्या प्रकारच्या रायफली मिळून काही टक्केच भरतात, बाकी राज्य पिस्तुलांचं. २००७ मध्ये व्हर्जिनिया टेकला ३२ जण मारले गेले (मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही त्यात होती), ते दोन पिस्तुलांनी. २०११ मध्ये टूसॉनला खासदार गॅबी गिफर्ड्स यांच्यावर गोळ्या झाडणाऱ्याकडे पिस्तूलच होतं, पण ३३ गोळ्यांचं मॅगझिन लावलेलं. तो मॅगझिन बदलायला थांबला आणि लोकांनी त्याला खाली पाडला. म्हणून मला विचाराल तर बंदुकीच्या नावांपेक्षा मॅगझिनची मर्यादा आणि 'घेणारा कोण' याची चौकशी, यावर जोर द्यायला हवा.

ही चौकशी म्हणजे काय, तर टेक्सासला एका मित्राबरोबर दुकानात गेलो होतो तेव्हा जवळून बघितलं. नाव-पत्ता, मग होय-नाहीचे रकाने. गुन्हा सिद्ध झालाय का, अमली पदार्थ घेता का, कोर्टाने मनोरुग्ण ठरवलंय का. दुकानदाराने एफबीआयच्या यंत्रणेकडे माहिती पाठवली, होकार आला, त्याने कार्ड घासलं, झालं. हेच त्याने एखाद्या खासगी माणसाकडून घेतलं असतं तर टेक्सासमध्ये एवढंही लागत नाही. न्यू जर्सीत आधी पोलिसांकडून ओळखपत्र, बोटांचे ठसे, तुमच्याबद्दल सांगणारी माणसं, मानसिक आरोग्याची पडताळणी, आणि प्रत्येक पिस्तुलासाठी वेगळा परवाना. कोणी धमक्या द्यायला लागला तर कोर्टाकडून त्याच्या बंदुका काही काळ काढून घेता येतात. टेक्सासमध्ये तसला कायदा नाही. शिवाय केंद्राचा कायदा असा उफराटा की दुकानातून पिस्तूल घ्यायला २१ वर्षं पूर्ण लागतात, रायफलीला १८. २०२२ मध्ये युवाल्डीच्या शाळेत १९ मुलं आणि २ शिक्षिका मारणाऱ्याने अठरावा वाढदिवस झाल्याबरोबर कायदेशीरपणे दोन रायफली घेतल्या होत्या. त्यानंतरच्या केंद्रीय कायद्याने २१ च्या आतल्या गिऱ्हाईकाची जास्त तपासणी सुरू केली. वय काही वाढवलं नाही.

आता मुलीबद्दल. टेक्सासच्या सरकारी विद्यापीठांत २०१६ पासून परवानाधारकाला लपवलेलं पिस्तूल घेऊन वर्गातही बसता येतं. ऐकून पोटात गोळा येईल, पण रोज कुणी दाखवत फिरत नाही. शाळांमधल्या हत्याकांडांपेक्षा रस्त्यावरच्या आणि घरातल्या भांडणांपासून जास्त जपायचं. कोणी गाडी आडवी घातली तर हॉर्न ठोकत मागे लागायचं नाही, तिथे गाडीत बंदूक ठेवणं कायदेशीर आहे. रूममेटकडे बंदूक आहे का आणि कुलपात असते का, हे भाडेकरार करण्याआधी सरळ विचारायचं. तिथे कुणाला यात वावगं वाटत नाही. विद्यापीठाचे इमर्जन्सी अलर्ट पहिल्या दिवशी मोबाईलवर चालू करायचे.

आणि एक, जे बऱ्याच मुलांना माहीत नसतं. एफ-१ (विद्यार्थी) किंवा एच-१बी (नोकरी) व्हिसावर असलेल्या माणसाने बंदूक बाळगणं हा केंद्रीय गुन्हा आहे. शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर शूटिंग रेंजवर भाड्याची बंदूक हातात घेणंही त्यात येऊ शकतं. मित्र हमखास नेतात, फोटो इन्स्टाग्रामवर जातात. व्हिसावर बालंट नको असेल तर तिने बंदूक हातात घेण्याआधी इमिग्रेशन वकिलाला विचारावं.