कॅम्पसवरच्या नोकरीतून फी निघेल का?

पत्र : मुलगा ऑगस्टमध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरिंगच्या एम.एस.साठी अमेरिकेला निघालाय. पहिल्या वर्षापुरतं कर्ज काढतोय. दुसऱ्या वर्षाची फी कॅम्पसवर नोकरी करून भरेन, म्हणतो. पण तिकडे जाऊन मेसमध्ये ताटंच विसळायची, तर इंजिनिअर कशाला केलं? – एक वडील, सांगली

नमस्कार.

फी निघणार नाही. कर्जाचा आकडा पक्का होण्याआधीच मुलाशी हे बोलून घ्या. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना कॅम्पसवर आठवड्याला जास्तीत जास्त २० तास काम करता येतं. दोन ठिकाणी केलं तरी दोन्हीचे मिळून २०च. तासाला १५ डॉलर धरले तर आठवड्याचे ३००, सोळा आठवड्यांचे ४,८००. काही राज्यांत किमान वेतन अजूनही ७.२५ डॉलरच आहे, २००९ पासून तेच. तिथे हा हिशोब निम्म्यावर येतो. किराणा सुटेल, खोलीभाड्याला हातभार लागेल, एवढंच धरा. पहिल्या सत्रात तेही धरू नका. आधी काम मिळायला हवं, मग त्याचं पत्र दाखवून पगारासाठी लागणाऱ्या सोशल सिक्युरिटी नंबरचा अर्ज, यात दिवस जातात.

टीए (शिकवण्यातला मदतनीस) किंवा आरए (संशोधनातला मदतनीस) म्हणून असिस्टंटशिप मिळाली तर बऱ्याच ठिकाणी फी माफ होते. पण त्या जागांवर सहसा पीएच.डी.वाल्यांचा पहिला हक्क असतो. मिळाली तर उत्तमच, पण तिच्या भरवशावर कर्ज कमी काढू नका.

आता ताटांचं. तुमच्या जिवाला का लागलं ते समजतं, पण डायनिंग हॉलचं काम जरूर करू द्या. ते लवकर मिळतं, बऱ्याच ठिकाणी पाळीला जेवण सुटतं, आणि नवख्या मुलाचं इंग्रजी तिथे सुटतं तितकं वर्गात सुटत नाही. फक्त तिथेच वर्ष काढू नये. दुसऱ्या सत्रात आयटी हेल्प डेस्क, प्रोग्रामिंगच्या विषयाचा ग्रेडर (मुलांचं काम तपासून गुण देणारा), एखाद्या विभागाची वेबसाइट सांभाळणं, अशा कामांसाठी प्राध्यापकांना स्वतः जाऊन भेटावं. ग्रेडर व्हायचं तर त्या विषयात चांगली ग्रेड हवी, म्हणून पहिल्या सत्रात अभ्यास आधी. २० तास ही मर्यादा आहे, ती गाठलीच पाहिजे असं नाही. माझ्या मते सुरुवातीला १० पुरेत.

कारण खरा पैसा उन्हाळी इंटर्नशिपमध्ये आहे. एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झालं की सीपीटीखाली, म्हणजे अभ्यासक्रमाचा भाग म्हणून बाहेर काम करायच्या परवानगीवर, कंपनीत पगारी इंटर्नशिप करता येते. तिचे अर्ज आदल्या सप्टेंबरपासूनच सुरू होतात. भांडी घासून रात्री बाराला खोलीवर येणाऱ्या मुलाकडून ते अर्जही होत नाहीत आणि मुलाखतीची तयारीही होत नाही.

एका बाबतीत मात्र त्याच्याकडून शब्द घ्या. पेट्रोल पंपावर, दुकानात रोखीनं काम, किंवा ‘कुणाला कळतंय’ म्हणत घेतलेलं फ्रीलान्स कोडिंग, काहीही नको. विनापरवानगी कामानं एफ-१ दर्जाच जातो. शंका आली तर मित्रांना नाही, विद्यापीठाच्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या व्हिसाचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला विचारावं.

आणि कराचं विसरू नका. भारत-अमेरिका करारामुळे आपल्या विद्यार्थ्यांना तिथली स्टँडर्ड डिडक्शन, म्हणजे उत्पन्नातून मिळणारी सरसकट वजावट, घेता येते. बऱ्याच मुलांना हे ठाऊक नसतं, आणि हक्काचा परतावा तिथेच राहतो.