मुलांसाठी चित्रपुस्तक लिहायचंय, चित्रंही मीच काढणार आहे, पण काही सुचतच नाही. सुरुवात कुठून करू?

एखाद्या ओळखीच्या मुलाला पुस्तकं मोठ्याने वाचून दाखवा आणि ते कुठे थांबवतं ते टिपून ठेवा. सुचायला लागतं ते तिथून. मूल कानाने मजकूर ऐकत असतं, पण डोळ्यांनी चित्र वाचत असतं. आपण ‘कुत्रा झोपला’ म्हणतो आणि ते कोपऱ्यातल्या उंदराच्या शेपटीवर बोट ठेवून विचारतं, ‘हा कुठे चाललाय?’ त्या उंदराची गोष्ट मजकुरात नाहीच. ती तुम्ही लिहा. इंग्रज लेखिका-चित्रकार बिॲट्रिक्स पॉटर यांचा प्रसिद्ध ससा ‘पीटर रॅबिट’देखील १८९३ मध्ये एका आजारी मुलाला पाठवलेल्या सचित्र पत्रात पहिल्यांदा आला. पुस्तक नंतर, १९०२ मध्ये प्रकाशकाकडून निघालं.

सुचलं की लगेच रंग काढून बसू नका (हा मोह भारी असतो). कागद दुमडून ३२ पानांची कच्ची वही शिवा. छापलेला मोठा ताव दुमडून पानं होतात, म्हणून चित्रपुस्तकं बहुधा आठच्या पटीत, पुष्कळदा ३२ पानांचीच असतात. त्यात पेन्सिलीने रेघोट्या मारा. पान उलटल्यावर काय दिसणार, हे वहीतच कळतं. आणि चित्रात दिसणारं वाक्यात पुन्हा सांगितलंय, तेही. ती वाक्यं खोडा.

फक्त, ‘कशावर गोष्ट हवी?’ असं मुलाला थेट विचारू नका. लहान मूल बहुतेक वेळा कालचीच गोष्ट परत मागतं.